बीपी सावरलं, पू आतच राहिला: अतिदक्षता विभागातल्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी १० खाटांच्या अतिदक्षता विभागात मी काम करतो. हे प्रकरण आमच्याच विभागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची परवानगी आहे. रुग्ण वाचला, तरी त्या रात्रीचे पहिले साडेतीन तास मला अजून सतावतात. मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

पार्श्वभूमी

एप्रिल महिना होता. घरची हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली, ती रोज उलथायची, गोळा करायची, पॉलिशला पाठवायची अशी घाई. छपन्न वर्षांच्या काकू (वॉर्डात सगळे त्यांना काकूच म्हणत) पहाटेपासून उन्हात. नऊ वर्षांपासून शुगर होती. गोळ्या चालू होत्या, पण कामाच्या दिवसांत सकाळची गोळी कधी घेतली जायची, कधी राहायची. पाणी पिणं तर विसरलंच जायचं.

चार दिवसांपासून डावी कूस आणि कंबर दुखत होती. वाकून वाकून कंबर धरली असेल, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा सलाईन आणि सेफ्ट्रायझोन या अँटिबायोटिकचे दोन डोस झाले. लघवीला जळजळ नाही, लघवी तांबडी नाही, त्यामुळे त्या बाजूला कुणाचं लक्ष गेलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि सून शेतातून परत आले, तर काकू ओट्यावर बसून बारा वर्षांपूर्वी गेलेल्या सासूला हाका मारत होत्या.

"साहेब, माय दुपारधरनं कायबी बोलायली. मलाबी वळखना," हे मुलाचं पहिलं वाक्य. त्यांना मुतखड्याचं दुखणं पूर्वी एकदा, सहासात वर्षांमागे, येऊन गेलं होतं. ते आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा. दाखल होताना आम्ही ते विचारलंच नव्हतं.

दाखल होतानाची स्थिती

रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी काकू आमच्याकडे आल्या. नाडी १२८, बीपी ८२/४६, श्वास मिनिटाला ३०, ताप १०२.४, बाहेरून ऑक्सिजन न देता सॅच्युरेशन ९३. हाक मारली की डोळे उघडायच्या, पण उत्तरं विसंगत. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटलेली. बोटाचं टोक दाबून सोडलं की रंग परत यायला पाच सेकंद लागत होते. निरोगी माणसात तो दोनतीन सेकंदांत येतो.

पहिल्या तासाभरात रिपोर्ट आले. शुगर ४१२, पांढऱ्या पेशी २३,४००, प्लेटलेट ७४,०००, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) ३.१, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.६, रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२४ आणि लॅक्टेट ५.८. लॅक्टेट २ च्या आत हवं. रक्त पेशींपर्यंत नीट पोचत नसलं की ते चढतं.

आपल्याकडे नातेवाईक अशा स्थितीला, म्हणजे सेप्सिसला, "रक्तात पू झाला" किंवा "अंगभर इन्फेक्शन पसरलं" म्हणतात, आणि आम्हीही समजावताना तसंच बोलून जातो. पण २०१६ मध्ये ठरलेल्या व्याख्येप्रमाणे सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला असा बेताल प्रतिसाद, ज्यात शरीराचे स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात. जंतू एका जागी असतात, नुकसान सगळीकडे होतं. भरपूर सलाईन देऊनही रक्ताचा सरासरी दाब ६५ वर ठेवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट २ च्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. त्यात रुग्णालयातच दगावण्याचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त आहे. काकूंची किडनी, मेंदू, प्लेटलेट, रक्तदाब, फुप्फुस, पाचही एकाच वेळी घसरत होते.

पहिले साडेतीन तास

या वेळात आमच्या विभागाने बरंच काम नेटकं केलं, हे आधी नोंदवतो. दोन हातांतून दोन ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घेतली. १० वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे ३५ मिनिटांत, मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला. सेफ्ट्रायझोन होऊनही रुग्ण खालावत होता आणि त्या गटाला दाद न देणारे ई. कोलाय जंतू आपल्याकडे सर्रास सापडतात, म्हणून थेट वरचं औषध घेतलं. वजन ६० किलो, त्या हिशोबाने रिंगर लॅक्टेट १८०० मिली ठरवलं. एक लिटर जाऊनही बीपी हलेना, तेव्हा सेंट्रल लाईनची (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणाऱ्या नळीची) वाट न पाहता पावणेअकराला हाताच्या मोठ्या शिरेतूनच बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन सुरू केलं. हे सगळं सेप्सिसच्या उपचारांच्या शिफारशी काढणाऱ्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कँपेनच्या २०२१ च्या शिफारशींना धरून होतं. इन्सुलिन पंपावर, ऑक्सिजन मास्कवर. लघवीची नळी टाकली, जेमतेम ३० मिली गडद लघवी आली.

ती लघवी तपासायला गेली आणि तिथे आम्ही फसलो. पू-पेशी फक्त ६ ते ८. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं, "लघवीच्या संसर्गाची शक्यता कमी." मी वाचलं आणि मान हलवली. छातीच्या एक्सरेत उजव्या बाजूला खाली थोडी धूसर सावली होती. ऑक्सिजन कमी, श्वास जोरात, मग न्यूमोनिया असणार, असं ठरवून आम्ही मोकळे झालो. एकदा केसपेपरच्या डोक्यावर निदान लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक जण त्याच चष्म्यातून पाहतो. मीही तसंच पाहिलं.

सोनोग्राफीचं छोटं मशीन आमच्या विभागात २४ तास असतं. सव्वाअकराला मी ते काकूंना लावलं. हृदय कसं आकुंचन पावतंय पाहिलं, पोटातली मोठी शीर पाहिली, फुप्फुसांच्या तळाशी पाणी आहे का पाहिलं. डाव्या फुप्फुसाचा तळ पाहताना किडनी माझ्या हातापासून वीतभर खाली होती. हृदयाचं काम बरं दिसलं म्हणून मी समाधानाने प्रोब पुसून ठेवला.

मध्यरात्री बीपी ९८/५२ झालं. सरासरी दाब ६७. मॉनिटरवरचा लाल आकडा गेला, अलार्म थांबला. बाहेर जाऊन मी मुलाला सांगितलं, "बीपी सावरतंय." तो लगेच फोनवर तीनचार जणांना तेच सांगत सुटला.

खरं तर खाटेजवळ वेगळीच गोष्ट चालू होती. नॉरअॅड्रेनलिन ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटाने सुरू केलं होतं, मग ०.२२, आणि एक वाजेपर्यंत ०.३. तोच दाब टिकवायला तिप्पट औषध लागत होतं. लॅक्टेट पावणेबाराला ५.१, म्हणजे जवळपास होतं तिथेच. बोटाचा रंग मधे एकदा चार सेकंदांवर आला आणि पुन्हा पाचवर गेला. बोट दाबून पाहण्याची ही साधी तपासणी किती मोलाची आहे हे २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासाने दाखवलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांतल्या ४२४ रुग्णांवर तो झाला. बोटाच्या रंगावर उपचार बेतलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेटवर बेतलेल्या गटात ४३.४. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण बोट लॅक्टेटपेक्षा कमी पडत नाही एवढं त्यातून कळलं. काकूंचं बोट आणि लॅक्टेट दोन्ही एकच सांगत होते: आग लावणारी गोष्ट अजून आतच आहे. मी बीपीच्या आकड्याकडे पाहत होतो.

डाव्या कुशीवरचा हात

एक वाजून दहा मिनिटांनी सिस्टर काकूंची कूस बदलत होत्या. पाठीला पावडर लावायची, चादर ओढून सारखी करायची, रोजचंच काम. काकू ग्लानीत. उजव्या कुशीवर वळवून सिस्टरनी डाव्या बरगडीखाली आधाराला हात लावला, तर काकूंनी त्या अवस्थेतही सिस्टरचं मनगट पकडून बाजूला सारलं. सिस्टरनी पुन्हा हलकेच लावला, पुन्हा सारलं.

"सर, डाव्या कुशीला हात लावू देत नाहीत. उजवीकडे काही नाही. दोनदा पाहिलं."

प्रोब पुन्हा घेतला. डावी किडनी फुगलेली, आतले कप्पे रुंदावलेले. आत स्वच्छ लघवी असती तर पडद्यावर काळी दिसली असती. गढूळ पाण्यात गाळ हलावा तसे ठिपके फिरत होते. उजवी किडनी ठीक.

लघवी स्वच्छ का होती, याचा उलगडा तिथेच झाला. डाव्या बाजूची वाट पूर्ण बंद होती. पू वर कोंडला होता, मूत्राशयात उतरत होती ती फक्त उजव्या किडनीची थोडीशी लघवी. आम्ही तीच तपासली आणि तिने खरं तेच सांगितलं, फक्त दुसऱ्या किडनीबद्दल. ही गोष्ट पुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात. रात्री साडेदहाला ती मला आठवली नाही.

पुढ्यातले पर्याय

एक वीसला मी गावातल्या युरोसर्जनना (मूत्रमार्गाच्या सर्जनना) उठवलं, भूलतज्ज्ञ मॅडमनाही फोन केला. पुढची चाळीस मिनिटं फोनवर आणि खाटेजवळ चर्चा झाली.

पहिला पर्याय: सकाळपर्यंत थांबायचं. बीपी अजून स्थिर करायचं, प्लेटलेट आणायच्या, उजाडल्यावर सगळी माणसं हाताशी असताना नळी टाकायची. हा विचार चुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. त्याच कँपेनच्या २०१६ च्या शिफारशींत निदानानंतर ६ ते १२ तासांत संसर्गाचं मूळ काढावं, असा अंदाज दिलेला आहे. त्या हिशोबाने सकाळी आठपर्यंत आम्ही कागदोपत्री वेळेत होतो. पण औषध दर तासाला वाढत होतं. कोंडलेल्या पुवात अँटिबायोटिक पोचतच नाही नीट. मुतखडा आणि सेप्सिस असलेल्या रुग्णांची अमेरिकेतली मोठी आकडेवारी २०१३ मध्ये आली होती: अडलेली वाट मोकळी केली नाही त्यांच्यात मृत्यू सुमारे १९ टक्के, केली त्यांच्यात ९ च्या आत. स्थिर झाल्यावर नळी टाकू म्हणायचं, तर नळी टाकल्याशिवाय त्या स्थिर होणार नव्हत्या.

दुसरा पर्याय घरच्यांकडून आला. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या फोनवर स्पीकर लावून बोलत होता, "इथं काही करू नका, रात्रीच संभाजीनगरला हलवा. गाडीचं मी बघतो." त्याची तळमळ कळत होती. मोठ्या शहरात जास्त सोयी असतात, हेही खरं. पण रस्ता साडेतीन तासांचा, नॉरअॅड्रेनलिन पंपावर, वाटेत पंपाची बॅटरी किंवा शीर दगा देण्याची शक्यता, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा तपासण्या, दाखला, सही. मी त्याला एवढंच सांगितलं, "पू काढायला इथे अर्धा तास लागेल. गाडीत साडेतीन तास तो आतच असेल."

तिसरा: ऑपरेशन थिएटरात नेऊन दुर्बिणीने आतून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) टाकायचा. त्यासाठी पाठीत भूल द्यावी तर बीपी आणखी कोसळणार, वर प्लेटलेट कमी. पूर्ण भूल द्यायची तर श्वासनलिकेत नळी घालताना हृदय बंद पडण्याची भीती. रक्त इतकं आम्ल झालेलं (पीएच ७.२४) असताना त्या ज्या वेगाने श्वास घेत होत्या, त्यावरच जीव तगून होता. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, "आत्ता झोपवलं तर परत आणणं अवघड जाईल."

चौथा: पाठीतून थेट किडनीत सुई घालून बारीक नळी बसवायची, सोनोग्राफीखाली, जागेवर भूल देऊन. कुठेही न्यायला नको. धोका रक्तस्रावाचा. पण प्लेटलेट ५० हजारांच्या वर होत्या, आयएनआर १.६ होता, अशा तातडीत हे चालतं. नेहमी यासाठी रुग्णाला पालथं झोपवतात. काकूंना पालथं झोपवलं असतं तर श्वास आणखी कोंडला असता.

सीटी स्कॅन करायचा का, यावर आमचं थोडं अडलं. शुगरच्या रुग्णात किडनीत गॅस तयार करणारा संसर्ग होतो, तसं असेल तर पुढची तयारी वेगळी लागते. स्कॅन सेंटर रस्त्यापलीकडे. जाऊन येऊन तास तरी मोडणार. युरोसर्जन म्हणाले, "खडा नंतर शोधता येईल. आधी वाट करून देऊ." शेवटी खाटेवरच पोटाचा पोर्टेबल एक्सरे काढला. गॅस दिसला नाही, मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात एक पांढरा ठिपका दिसला. तेवढ्यावर चौथा पर्याय ठरला.

काय केलं

संमतीसाठी मी मुलाला आणि सुनेला आत खाटेजवळ बोलावलं. सुनेने विचारलं, "नळी टाकताना गेल्या तर?" मी म्हणालो, "जाऊ शकतात. पण न टाकता जाण्याची भीती त्याहून जास्त आहे." तिने काकूंच्या पायावर हात ठेवला, थंडगार पाय, आणि नवऱ्याला म्हणाली, "सही करा." पुतण्याचा फोन अजून चालूच होता.

काकूंना अर्धवट उजव्या कुशीवर वळवून पाठीमागे उशा लावल्या. मॅडम डोक्याशी, लागलीच तर श्वासाची नळी तयार ठेवून. जागा बधिर करायला लिग्नोकेन टोचलं, सिस्टरनी काकूंचा हात हातात धरून ठेवला. तीन वीसला सुई किडनीत गेली. सिरिंज मागे ओढली तर पिवळट-हिरवा, घट्ट ताकासारखा पू आला. पहिल्या झटक्यात ४० मिली. खोलीभर वास पसरला. नळी टाकून टाका घातला, पुवाचा नमुना कल्चरला पाठवला. दाखल झाल्यापासून पाच तास चाळीस मिनिटं झाली होती.

यानंतर रुग्ण लगेच सुधारेल अशी घरच्यांची समजूत झाली होती, आणि मी ती वेळीच दुरुस्त केली नाही. कोंडलेल्या जागेला हात लागला की जंतू आणि त्यांचं विष रक्तात उसळी घेऊ शकतं. साडेपाचला नॉरअॅड्रेनलिन ०.५ वर गेलं. बीपी वाढवणारं दुसरं औषध, व्हासोप्रेसिन, जोडलं, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम सुरू केलं. सहाला लॅक्टेट ६.०. साडेसहाला काकू श्वास घेऊन थकल्या, तेव्हा मात्र व्हेंटिलेटरवर घ्यावंच लागलं. पुतण्याने फोनवर एकच वाक्य सुनावलं, "मी सांगत होतो हलवा म्हणून." त्या क्षणी त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी बाराला लॅक्टेट ४.४. नॉरअॅड्रेनलिन पहिल्यांदा उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टेट २.३, बोटाचा रंग तीन सेकंदांत.

पुढचे सतरा दिवस

किडनी सुस्तच होती. क्रिएटिनिन ४.६ पर्यंत चढलं. लगेच डायलिसिस लावावं असा आग्रह एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी धरला. २०२० च्या स्टार्ट-एकेआय अभ्यासात लवकर डायलिसिस लावून जीव जास्त वाचल्याचं दिसलं नव्हतं, म्हणून ठोस कारण मिळेपर्यंत आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम वाढलं आणि फुप्फुसांत पाणी साचलं. मग संथ गतीचं डायलिसिस दोनदा केलं. नंतर लघवी सुटली आणि तिसऱ्याची गरज पडली नाही.

कल्चरचे रिपोर्ट मुद्दाम सांगतो. रक्तात ई. कोलाय. किडनीतल्या पुवात तेच ई. कोलाय, सेफ्ट्रायझोनला न जुमानणारे, मेरोपेनेमने मरणारे. मूत्राशयातल्या लघवीत काहीच नाही. त्या एका रिपोर्टवर विसंबलो असतो तर आजही न्यूमोनियाच लिहिलेला असता.

चौथ्या दिवशी बीपीचं औषध बंद झालं. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, त्याच दिवशी सीटी झाला आणि ९ मिलिमीटरचा खडा दिसला. पुढचे तीन दिवस काकू जाग्या होत्या, पण भ्रमात. रात्री नळ्या ओढायच्या, "हळद भिजायली, उचला" म्हणून ओरडायच्या. झोपेचं इंजेक्शन वाढवायचा मोह होतो अशा वेळी. सिस्टरनी सुनेला रात्री दोन तास खाटेजवळ बसू दिलं, घरचा चष्मा आणायला लावला, खिडकीचा पडदा दिवसा उघडा ठेवला. नियमाप्रमाणे नातेवाईक आत नसतात. हा नियम त्या तीन रात्री आम्ही मोडला आणि त्याचा उपयोग झाला. अकराव्या दिवशी वॉर्डात, सतराव्या दिवशी घरी. खडा पाच आठवड्यांनी दुर्बिणीतून काढला.

घरी गेल्यावर

आमच्या रजिस्टरमध्ये या प्रकरणासमोर "बरे होऊन घरी" असं लिहिलेलं आहे. महिन्याने काकू तपासणीला आल्या तेव्हा मुलाच्या खांद्याला धरून चालत होत्या. मांड्या वाळलेल्या, केस मुठीने गळत होते. क्रिएटिनिन १.८, सहा महिन्यांनी १.५, म्हणजे किडनी पूर्ण पूर्वपदावर आली नाही.

सहाव्या महिन्यात सून बोलता बोलता म्हणाली, "गोण्या मोजताना चुकतात. आधी साऱ्या गावाचा हिशोब तोंडपाठ होता त्यांना." काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली पाहिलं. मी कागदावर १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. ९३ म्हणाल्या, ८६ म्हणाल्या, मग थांबल्या. सेप्सिसमधून वाचलेल्या वयस्कर माणसांत बुद्धीवर असा दीर्घकाळ परिणाम राहतो, हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून पुढे आलं होतं. अशक्तपणा, विसराळूपणा, रात्रीची भीती या सगळ्याला मिळून अतिदक्षतेनंतरचा आजार म्हणतात. नाव आम्हाला ठाऊक होतं. घरच्यांना मात्र घरी जाताना आम्ही त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून मुलगा चार महिने समजत होता की आई मन लावत नाही.

शासकीय योजनेत काही खर्च बसला, काही बसला नाही. हळद भाव वाढायची वाट न पाहता विकावी लागली. सुनेने शिवणाचं काम सोडून घरी थांबायचं ठरवलं. हे आमच्या रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, सव्वाअकराचा प्रोब. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरासोबत जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते, हा २००६ च्या अभ्यासातला आकडा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे. त्यामुळे औषधाची वेळ आम्ही भिंतीवर लिहितो. "संसर्ग नेमका कुठे आहे आणि तो बाहेर काढता येण्यासारखा आहे का" हा प्रश्न भिंतीवर नव्हता. तेव्हाच किडनी दिसली असती तर पू दीडच्या सुमारास बाहेर आला असता. त्याने व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस टळलं असतं का, हे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. आता आमच्याकडे हृदय आणि फुप्फुस पाहायला प्रोब लावला की तसाच खाली नेऊन दोन्ही किडन्या आणि पित्ताशय पाहायचं ठरलं आहे. चार मिनिटं लागतात. सोनोग्राफीतले बारकावे निवासी डॉक्टरला जमतीलच असं नाही, पण फुगलेली किडनी ओळखता येते.

दुसरं, वाढत्या औषधावरचं बीपी. केसपेपरवर बीपी एका पानावर आणि पंपाचा वेग दुसऱ्या पानावर लिहिला जायचा. आम्ही दोन्ही एका ओळीत आणले, त्यासमोर बोटाच्या रंगाचे सेकंद. ०.१ वर ६७ आणि ०.३ वर ६७ शेजारी शेजारी लिहिले की नजर आपोआप अडखळते. नातेवाईकांना "बीपी सावरतंय" सांगायच्या आधी मी आता ती ओळ वाचतो.

स्थलांतराचा प्रश्न मला अजून पूर्ण सुटलेला नाही. युरोसर्जन गावाबाहेर असते, किंवा पाठीतून नळी टाकायचा त्यांना सराव नसता, तर हलवणंच योग्य ठरलं असतं, आणि तेही सव्वाअकरालाच. बऱ्याच तालुक्याच्या ठिकाणी हीच परिस्थिती असते. पुतण्याच्या बाजूने विचार केला तर त्याच्या हातात एवढंच होतं: फोन, आणि रात्री दीडला एका अनोळखी डॉक्टरचा आवाज. मी त्याला सोनोग्राफीचा फोटो पाठवायला हवा होता. नळी टाकल्यावर काही तास तब्येत आणखी बिघडू शकते, हे आधीच सांगायला हवं होतं. ते नंतर सांगितलं की सबब वाटते.

गावातल्या डॉक्टरांना मी आठवड्याने फोन केला. त्यांचं म्हणणं, "लघवीची काहीच तक्रार नव्हती हो, म्हणून मनात आलं नाही." मी त्यांना आमचा लघवीचा रिपोर्ट वाचून दाखवला. आम्ही दोघेही एकाच जागी चुकलो होतो, फक्त माझ्याकडे मशीन होतं. दोन गोष्टी मात्र आम्ही बोललो. शुगरच्या रुग्णाला एका बाजूची कंबरदुखी आणि हुडहुडी असेल तर लघवी साफ असली तरी त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवायचं. आणि पाणी कमी पडलेल्या, ताप असलेल्या अशा रुग्णाला डायक्लोफिनॅकसारखं दुखण्याचं औषध टाळायचं, किडनीवर आधीच ताण असतो.

सिस्टरांबद्दल एक गोष्ट. त्या रात्री त्यांनी सांगितलं आणि मी लगेच ऐकलं, यात मोठेपणा काही नाही. पण त्यांनी नंतर मला सांगितलं, साडेअकराला पहिल्यांदा कूस बदलतानाही काकूंनी हात सारला होता, तेव्हा त्यांना वाटलं, सरांनी आत्ताच सोनोग्राफी केली आहे, त्यांनी पाहिलं असेलच. जवळपास पावणेदोन तास या एका वाक्यात गेले. आता राउंड संपताना सिस्टरांना शेवटचं विचारायचं, "तुम्हाला काय दिसलं?" आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवायचं, असा रिवाज पाडला आहे. गर्दीच्या दिवशी तो अजूनही राहतो.

डिस्चार्जच्या कागदाला आम्ही एक पान मराठीत जोडलं आहे. त्यात विसरणं, चिडचिड, रात्री दचकून उठणं, जिने चढताना पाय लटपटणं हे सगळं होऊ शकतं आणि त्यात रुग्णाचा दोष नाही, असं लिहिलं आहे. खाली बसल्या बसल्या करायच्या पाच व्यायामांची चित्रं आहेत. काकूंच्या सुनेने ती चित्रं पाहून सांगितलं की पाट्यावर बसून करायचा एक व्यायाम गावातल्या बायकांना जास्त सोपा जाईल, खुर्ची प्रत्येक घरात नसते. पुढच्या छपाईत तो सहावा घातला.